मान पाटलाचा, कोष सभेचा

सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते, आणि गडचिरोलीच्या जंगलात मोहाची फुले गळण्याचा काळही नेमका तोच असतो. पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन घराबाहेर पडलेली माणसे ऊन चढल्यावर परततात, फुले अंगणात वाळत घालतात आणि दुपारी जी थोडीफार विश्रांती मिळेल ती घेतात. अशा वेळी पंचायतीच्या कार्यालयातून निरोप येतो की निधी जमा झाला आहे, तो महिनाअखेरीपूर्वी खर्ची पडला पाहिजे, सबब उद्या सकाळी अकरा वाजता ग्रामसभा ठेवली आहे. सभेला चार माणसे येतात, मग हजेरीची वही घरोघर फिरते, तिच्यावर सह्या आणि अंगठे उमटतात, आणि गावाने जे काम कधी मागितलेही नव्हते ते गावाच्याच ठरावाने मंजूर झाल्याची नोंद दप्तरी पडते. प्रत्येक वेळी यात कोणा एकाची लबाडी असतेच असे नाही. गावाची रीत आणि सरकारचा नियम या दोन व्यवस्था, ज्यांची कालगणना निराळी, भाषा निराळी आणि अधिकाराची कल्पनाही निराळी, त्यांची गाठ घालून देण्याचे काम कोणी केलेले नसते, एवढेच पुष्कळदा खरे असते. ते काम कसे करावे हे अशा गावांतील शिकल्यासवरल्या तरुणांना, ग्रामसभेच्या सचिवांना, सरपंचांना, आणि ज्यांच्या शब्दाला गावात अजूनही वजन आहे त्या वडीलधाऱ्यांना सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्र तेरा जिल्ह्यांत पसरलेले आहे, आणि त्या क्षेत्रातील पुष्कळ गावांत निवडून आलेल्या सरपंचाखेरीज दुसरा एक कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. माडिया आणि गोंड गावांत कोठे गायता, कोठे भूमिया, कोठे पेरमा आणि सर्वसाधारणपणे गावपाटील या नावाने ओळखली जाणारी माणसे शिकारीपासून सोयरिकीपर्यंत आणि शेताच्या बांधापासून देवाच्या जत्रेपर्यंतच्या बाबी पाहतात, आणि अनेक गावांचा मिळून जो इलाखा होतो त्यात मोठे तंटे सोडवले जातात. यवतमाळकडील कोलामांच्या पोडात, म्हणजे वस्तीत, नाईक, महाजन, कारभारी आणि घट्या असे मानकरी असतात, मेळघाटात कोरकूंचा पटेल असतो, नंदुरबारच्या डोंगरात भिल्ल-पावऱ्यांचे गावपाटील आणि पुजारे असतात. या गावपाटलांचा पोलीसपाटलाशी संबंध नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. पोलीसपाटील १९६७ च्या कायद्यान्वये शासनाने नेमलेला असतो आणि त्याला शासनाचे मानधन मिळते, तर गावपाटलाची नेमणूक गावाच्या स्मृतीने केलेली असते आणि त्याला मिळतो तो केवळ मान.

या रीतीला कायद्याची मान्यता नाही, अशी एक समजूत तालुक्याच्या कचेऱ्यांत आढळते आणि ती चुकीची आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली तेव्हा अनुसूचित क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवली होती. दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ साली अहवाल दिला आणि त्यानंतर डिसेंबर १९९६ मध्ये जो कायदा झाला तो सर्वत्र ‘पेसा’ या नावाने परिचित आहे. या कायद्यानुसार गाव म्हणजे आपल्या परंपरा व रूढी यांना अनुसरून आपला कारभार चालवणारा समाज राहतो अशी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह. आणि आपल्या रूढी, आपली सामुदायिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची आपली रीत यांचे जतन करण्यास प्रत्येक गावाची ग्रामसभा सक्षम आहे. परंतु त्याच कलमात पुढे पैशासंबंधी तीन गोष्टी आल्या आहेत, आणि गावांनी त्या विशेष ध्यानात ठेवाव्यात: विकासाचा कोणताही आराखडा वा काम पंचायतीने हाती घेण्यापूर्वी त्याला ग्रामसभेची मान्यता हवी, योजनांचे लाभार्थी ग्रामसभेने निवडावेत, आणि निधी योग्य रीतीने खर्ची पडला, असा दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घेतला पाहिजे. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले आणि त्यांत ग्रामसभेच्या स्वतःच्या कोषाची तजवीज आहे. पुढे २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या रकमेतील ५ टक्के अबंध निधी थेट या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळू लागला. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन्यजीव, जलसंधारण व वनाधारित उपजीविका, असे त्याच्या खर्चाचे विषय ठरवून देण्यात आले. याखेरीज वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या आयोगाच्या काळात २०२१-२२ पासून त्यातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेला आणि ४० टक्के मोकळा होता, आणि मोकळ्या भागातूनही पगार वा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता.

आता मुख्य मुद्दा. पैसा येऊ लागला की गावात साहजिकच दोन विचार उठतात. जुनी माणसे म्हणतात, आजवर गाव गावपाटलाच्या शब्दावर चालले, तर पैसाही त्याच्याच हवाली करावा. आणि शाळा शिकलेली पोरे म्हणतात, गावपाटलाला कागद वाचता येत नाही, त्याला बाजूला ठेवून आपणच समिती करू. मला हे दोन्ही विचार घातक वाटतात. गावपाटलाच्या अधिकाराला मुदत नसते, त्याला निवडणुकीने काढता येत नाही, आणि त्याच्यावर संशय घेणे हाच गावात अपराध मानला जातो. अशा माणसाच्या सहीने पैसा निघू लागला तर हिशेब विचारणारा उद्धट ठरतो आणि हिशेब हळूहळू विचारला जाईनासा होतो. शिवाय लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि वसुलीचा कागद त्या म्हाताऱ्याच्या नावाने आला, तर बुडतो तो केवळ पैसा नव्हे. बांधाचा तंटा, भावकीची भांडणे, मुलीची फारकत असे शेकडो प्रश्न ज्याच्या एका शब्दाने मिटत होते तो शब्दच डागळतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही निधीतून होत नाही. उलटपक्षी त्याला वगळून केलेली समिती कायद्याने निर्दोष असली तरी तिच्या निर्णयाला गाव आपला निर्णय मानत नाही. विहीर कोठे खणावी हे चार पोरांनी ठरवले, तर ती खणली जाते परंतु तिची राखण कोणी करीत नाही. म्हणून माझे सांगणे असे की बैठकीचा मान गावपाटलाकडे असावा, सही आणि वही मुदतीने निवडलेल्या माणसांकडे असावी, आणि या दोहोंवर अधिकार बसलेल्या सर्व गावाचा असावा. जेथे जेथे हा भेद पाळला गेला तेथे रीतही टिकली आणि पैसाही टिकला.

याचे एक मोठे उदाहरण आपल्यापासून दूर नागालँडमध्ये आहे, आणि त्याच्या आरंभाशी एका मराठी नावाचा संबंध आहे. १९७६ साली फेक जिल्ह्याचे उपायुक्त असलेले अच्युत माधव गोखले यांनी केत्सापो या गावी ग्राम विकास मंडळाचा प्रयोग सुरू केला. नागा गावांत परंपरेने चालत आलेली ग्रामपरिषद होतीच; १९७८ च्या कायद्याने तिला मान्यता मिळाली आणि वंशपरंपरागत प्रमुख, अंघ आणि गावबुढे या परंपरेच्या मानकऱ्यांना तिच्यात पदसिद्ध स्थान व मताचा अधिकार राहिला. परंतु विकासाचा पैसा या परिषदेच्या हाती थेट न देता तिने निवडलेल्या स्वतंत्र मंडळाकडे सोपवण्यात आला. १९८० च्या नियमांनी या मंडळाची मुदत तीन वर्षांची ठरवली, त्याच्या व्यवस्थापन समितीत एक चतुर्थांश स्त्रिया असाव्यात असे सांगितले, आणि त्याच्या कामाची जबाबदारी परिषदेपुढे ठेवली. गावातील घरांच्या संख्येवर निधी ठरू लागला, म्हणजे कोणाला किती मिळाले हे कोणत्याही शेजारच्या गावाला बोटांवर मोजून पाहता येऊ लागले. तेथेही उणिवा पुष्कळ आहेत; सर्वत्र स्त्रियांचे स्थान कागदापलीकडे गेलेले नाही. तरीपण परंपरेचा अधिकारी पैशाच्या वर आणि पैशापासून दूर, ही जी मूळ रचना आहे ती आपल्याकडील गावांनी घ्यावी अशीच आहे.

आपल्या गावी ती प्रत्यक्षात आणावयाची तर प्रथम दोन बैठकांचा फरक समजून घेतला पाहिजे. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, किंवा झाडाखाली संध्याकाळी जी गावबैठक भरते तिला वेळेचे बंधन नसते. तिच्यात माणसे आपल्या बोलीत बोलतात, मध्येच गप्प बसतात, जुने दाखले काढतात, आणि शेवटी कोणी विरोध करीत नाहीसे झाले म्हणजे निर्णय झाला असे समजतात. कायद्याची ग्रामसभा तशी चालत नाही. तिला नोटीस, दवंडी, गणपूर्ती, विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्त लागते. पुष्कळ ठिकाणी चूक होते ती अशी की खरी चर्चा या दुसऱ्या सभेत होईल अशी अपेक्षा धरली जाते, आणि तेथे खुर्च्यांवर साहेब बसलेले पाहून गाव मुके होते. त्याऐवजी निधीचा विषय आधी एकदा, आणि मोठा असेल तर दोन-तीनदा, गावबैठकीत निघावा. तेथे गावपाटलाने आपल्या रीतीप्रमाणे अध्यक्षता करावी, गावाच्या प्रत्येक टोल्यातील, म्हणजे वस्तीतील, एक तरी माणूस बोलल्याशिवाय विषय बंद करू नये, आणि कोणाची हरकत आहे काय हे शेवटी थांबून थांबून विचारावे. तेथे जे ठरेल तेच मग ग्रामसभेपुढे ठरावाच्या रूपाने यावे. ठराव मराठीत लिहिला जाईल, पण सह्या होण्यापूर्वी तो गोंडीत, माडियात, कोरकूत, जी गावाची बोली असेल तीत मोठ्याने सांगितला जावा, आणि तसा तो सांगितल्याची ओळ इतिवृत्तात असावी. न वाचलेल्या कागदावर अंगठा देणार नाही, एवढा एक नियम गावपाटलाने आपल्या अधिकारात घालून दिला तर अर्धे गैरव्यवहार उगवण्यापूर्वीच खुंटतील. आणि हा नियम सरकारी परिपत्रकापेक्षा त्याच्या तोंडून आला तर अधिक पाळला जाईल.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव या बाबतीत पुष्कळांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारली, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवला. २००९ साली सामूहिक वनहक्काचे पत्र मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत ते होते, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तेथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसाची वर्णने पुष्कळ झाली. मला मात्र महत्त्वाची वाटतात ती त्यापूर्वीची वर्षे, ज्यांत पैसा नव्हता आणि तरीही गाव बसून बोलत होते. बांबूचे पैसे आले तेव्हा निर्णय कसा घ्यावा हे त्या गावाला नव्याने शिकावे लागले नाही. म्हणून ज्या गावात आज निधी थोडा आहे त्यांनी त्याची खंत करू नये. थोड्या पैशावर पद्धत बसवून घेणे पुष्कळ सोपे असते.

त्यानंतर येतो वेगवेगळ्या पैशांचा प्रश्न, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण प्रामाणिक गावांचे हिशेब बिघडलेले असतात ते बहुधा याच जागी. अशा गावात साधारणतः तीन प्रकारचा पैसा फिरतो. एक, सरकारकडून आलेला, ज्याच्यावर खर्चाच्या अटी असतात आणि ज्याचे लेखापरीक्षण होते. दुसरा, तेंदू, बांबू वा अन्य वनोपजाच्या विक्रीतून ग्रामसभेला मिळालेला, जो गावाच्या हक्काचा असतो, ज्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते, परंतु ज्यावर कर आणि विवरणपत्रे यांची जबाबदारी येते. तिसरा, पंडुमासाठी (म्हणजे गावाच्या सणासाठी), जत्रेसाठी, देवकार्यासाठी घरटी गोळा केलेली वर्गणी. यांची खाती निराळी, वह्या निराळ्या, आणि शक्य तर हात निराळे असावेत. देवाच्या वर्गणीची वही गायत्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने ठेवावी, तीत सरकारला काही विचारण्याचे कारण नाही. परंतु जत्रा तोंडावर आली, वर्गणी कमी पडली, आणि ‘तूर्त उसने’ म्हणून विहिरीच्या निधीतील दहा हजार रुपये तिकडे वळवले, असे एकदा जरी झाले तरी ते कायद्याने अपहारात मोजले जाईल, आणि गावाच्या श्रद्धेचा विषय चौकशी अधिकाऱ्याच्या कागदावर जाईल. हेतू शुद्ध होता, या म्हणण्याला तेथे किंमत नसते. तेंदूचा पैसा गावाचाच आहे, मग त्याच खात्यात पाच टक्क्यांचा निधीही ठेवला तर काय बिघडले, असेही विचारले जाते. बिघडते ते असे की वर्षअखेर शिल्लक कोणत्या पैशाची हे कोणालाच सांगता येत नाही, आणि सरकारी निधी परत मागितला गेला तर गावाचा स्वतःचा पैसाही त्यात अडकतो.

वही कशी असावी, याचा बाऊ करण्याचे कारण नाही. पंचायतीची सामान्य रोकड वही ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) असतेच. ग्रामसभेच्या कोषाला साधी कीर्द, पावतीपुस्तक, प्रमाणकांची फाईल, ठरावांची वही आणि साहित्याची नोंदवही एवढे दप्तर पुरते. महत्त्वाचे आहे ते वाचन. दर महिन्याच्या ठरलेल्या तिथीस, पुनवेस किंवा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, गावबैठकीत जमाखर्च वाचून दाखवावा. समजा, महिन्याच्या आरंभी १२,४०० रुपये शिल्लक होते आणि ३,००,००० रुपये निधी आला. विहिरीच्या दुरुस्तीला १,४०,०००, अंगणवाडीच्या छपराला ८५,००० आणि रोपवनाच्या कुंपणाला ३८,५०० रुपये खर्ची पडले, म्हणजे एकूण खर्च २,६३,५०० आणि वहीप्रमाणे शिल्लक ४८,९०० रुपये. आता बँकेचे पुस्तक पाहिले तर तेथे ५२,४०० रुपये दिसतात. या ३,५०० रुपयांच्या फरकाचा खुलासा त्याच बैठकीत झाला पाहिजे. बहुधा कुंपणाच्या मजुरीतील एखादा धनादेश अजून वटलेला नसतो. हा मेळ घालण्यालाच रुजुवात म्हणतात, आणि ती दरमहा उघड्यावर झाली तर ज्यांना अक्षरओळख नाही अशा माणसांनाही दोन-तीन महिन्यांत आकडे ओळखू येऊ लागतात. तेंदूच्या पुड्यांचा हिशेब ज्या बाया तोंडी ठेवतात आणि ज्यांना एका पुड्याचीही चूक चालत नाही, त्यांना कीर्द समजणार नाही असे म्हणणे हा त्यांचा अवमान आहे.

पंचायतीच्या खात्यातील रकमा आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने वर्ग होतात. या स्वाक्षरीची किल्ली ज्याची त्यानेच जवळ बाळगावी. संगणक चालवणाऱ्या मुलाकडे किंवा तालुक्याच्या गावी दुकान थाटलेल्या कोणाकडे ती ठेवून देणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून तो रस्त्यात ठेवण्यासारखे आहे. ग्रामसभेच्या स्वतःच्या खात्यासाठी संयुक्त सह्यांची माणसे सभेने ठरावाने निवडावीत, त्यांत एक तरी स्त्री असावी, ती एकाच घराण्यातील नसावीत, आणि दोन किंवा तीन वर्षांनी ती बदलावीत. गावपाटलाचे नाव त्यांत नसावे, आणि त्याच्या जवळच्या नातलगाने गावाच्या कामाचा मक्ता किंवा साहित्याचा पुरवठा घेऊ नये. हे त्याला वाईट वाटेल अशा रीतीने कोणी सांगू नये, तर त्यानेच बैठकीत ते प्रथम जाहीर करावे, म्हणजे त्याचा मान दुणावेल.

मक्तेदाराविषयी गावे भोळी असतात. अंदाजपत्रक अभियंता करतो, तांत्रिक मंजुरी वरून येते, प्रशासकीय मान्यता कोठून तरी मिळते, आणि गावाला काम दिसते ते खडीचा पहिला ट्रक येतो तेव्हा. ग्रामसभेने अंदाजपत्रकाची प्रत आधीच मागून घ्यावी. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज करावा. आणि कामाची लांबी, रुंदी, जाडी, सिमेंटच्या गोण्यांची संख्या, एकूण रक्कम, मक्तेदाराचे नाव व मुदत या गोष्टी गोटुलाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून काढाव्यात. रस्त्याची जाडी पाहण्यास अभियंता लागत नाही. काठीवर खूण करून ती कोणालाही मोजता येते, पण ओल्या काँक्रीटच्या दिवशी तेथे हजर असावे लागते. काम पुरे झाल्यावर गावपाटील, समिती आणि ज्यांना यावयाचे असेल ते सर्व अशी फेरी कामावर जावी, मोजमाप पुस्तकातील आकडे तेथेच वाचावेत, आणि त्यानंतरच निधी योग्य खर्ची पडल्याचा दाखला द्यावा. हा दाखला हे पेसाने ग्रामसभेच्या हाती दिलेले फार मोठे शस्त्र आहे, आणि तो आज बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवायच लिहिला जातो.

सरकारी पैशाने गावाचे एक नुकसान होते, ज्याची नोंद कोणत्याही लेखापरीक्षणात होत नाही, म्हणून त्याविषयी काळजीने बोलले पाहिजे. पाणवठ्याचा गाळ काढणे, गोटुल शाकारणे, एखाद्याचे घर जळाले तर ते सर्वांनी मिळून उभे करणे, ही कामे या गावांत घरटी एक माणूस देऊन होत आली आहेत. एखाद्या वर्षी गाळ काढण्याचे काम योजनेत बसवले जाते आणि त्याची मजुरी मिळते. दुसऱ्या वर्षी योजना नसते, आणि गाळ तसाच राहतो, कारण मागल्या वर्षी ज्याचे पैसे मिळाले ते यंदा फुकट का करावे हा प्रश्न आता प्रत्येकाच्या मनात असतो. हा प्रश्न विचारणारा माणूस लोभी नसतो. त्याच्या गरिबीत तो प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. म्हणून वर्षाच्या आरंभीच गावबैठकीने दोन याद्या कराव्यात: जी कामे आपण आपल्या अंगमेहनतीने करीत आलो आणि पुढेही करू ती एका यादीत, आणि जी आपल्या आवाक्याबाहेरची आहेत, म्हणजे पक्की विहीर, पूल, शाळेची इमारत, विजेचा पंप, ती दुसऱ्या यादीत, आणि निधी केवळ दुसऱ्या यादीवर खर्च करावा. पहिल्या यादीतील कामाला सरकार पैसे देऊ करीत असेल तरीही ते नाकारण्याचे धैर्य गावपाटलाने दाखवावे. त्याचप्रमाणे श्रमदानाने झालेले काम मजुरीचे म्हणून हजेरीपटावर दाखवून ते पैसे चांगल्या कामासाठी का होईना राखून ठेवणे, ही जी ‘सोय’ अनेकांना सुचवली जाते, ती स्वीकारू नये. खोट्या हजेरीपटावर गावातल्याच माणसांच्या सह्या असतात, आणि उद्या त्यांना कोणीही धाक घालू शकतो.

स्त्रियांविषयी परंपरेची बाजू दुबळी आहे हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुष्कळ गावांच्या पंचबैठकीत बाया कडेला बसतात किंवा बसतच नाहीत. कायद्याने गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी महाराष्ट्रातील तरतूद आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार तर उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया नसल्यास सभाच पुरी होत नाही. पाणी कोण आणते, सरपण कोण गोळा करते, अंगणवाडीत पोर कोण पोचवते, हे पाहिले तर निधीच्या अर्ध्याअधिक विषयांचे खरे जाणकार कोण ते वेगळे सांगावयास नको. महिलांच्या सभेत ठरलेली पहिली दोन कामे आराखड्यात आल्याशिवाय आराखडा मंजूर करावयाचा नाही, असे बंधन गावाने स्वतःवर घालून घ्यावे.

गटग्रामपंचायतीतील लहान पाड्यांची स्थिती याहून कठीण असते. पाच गावांची एक पंचायत, त्यांतील मोठ्या गावात रस्ता, दिवे, सभामंडप, आणि डोंगरापलीकडच्या सतरा घरांच्या पाड्याला काही नाही, असे चित्र सर्वत्र आहे. अबंध निधी लोकसंख्येच्या प्रमाणात यावयाचा असल्यामुळे पाड्याने आपला वाटा किती हे लेखी विचारावे आणि त्याचा खर्च आपल्या ग्रामसभेच्या ठरावानेच व्हावा असा आग्रह धरावा. आणि आपली वस्ती स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावी असे तेथील मतदारांना वाटत असेल तर ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे प्रस्ताव पाठवावा. यास वेळ लागतो, कागद परत येतात, हेलपाटे पडतात. तरी एकदा हे झाले की पाड्याचा गावपाटील आणि पाड्याची सभा यांना कायद्याने उभे राहावयास जागा मिळते.

आणि मोहाच्या हंगामाचे काय? वर्षाचा आराखडा भाताची कापणी-मळणी उरकल्यावर, पौषात किंवा माघात, रात्रीच्या बैठकांत पक्का करून ठेवावा. कामांची क्रमवारी, अंदाजपत्रके, जागेची संमती, सर्व तयार असावे. म्हणजे फाल्गुनात निधी आला तरी घाईने सभा बोलवावी लागत नाही, आधीच झालेल्या ठरावाबरहुकूम काम सुरू करता येते, आणि ‘पैसे परत जातील’ या धाकाने कोणी काही लिहून घेऊ शकत नाही.

राहता राहिला जुन्या गोंधळाचा प्रश्न, कारण हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ गावांत मागील काही वर्षांचे दप्तर अपुरे असेल, प्रमाणके हरवली असतील, सचिव गाव सोडून गेला असेल. अशा गावाने मागचे सर्व उकरून भावकीत वैर पेटवण्याआधी बँकेतून खात्यांचे उतारे घ्यावेत, आज प्रत्येक खात्यात किती रक्कम आहे ते गावबैठकीत वाचावे, नव्या वहीच्या पहिल्या पानावर तीच आरंभीची शिल्लक म्हणून लिहावी, त्याखाली उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात, आणि जुन्या काळातील ज्या रकमांचा ताळा लागत नाही त्यांची वेगळी यादी करून ती पंचायत समितीकडे लेखी पाठवावी. त्या यादीची पोच मागून घ्यावी आणि ती नव्या दप्तरात पहिल्या ठरावासोबत लावून ठेवावी.